मागच्या सीटचं मत

यंदा दसऱ्याला पुण्यातल्या एका शोरूममध्ये आमच्या मुलाने मला अर्धा तास गाडी समजावून सांगितली. किती बीएचपी, शून्य ते शंभर किती सेकंदांत, स्लिपर क्लच कशाला, क्विकशिफ्टर कशाला. मी शाळेत गणित शिकवते, आकड्यांचा मला कंटाळा नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागे कोण बसणार?"

"कोण म्हणजे? ही."

ही म्हणजे त्याची होणारी बायको. ती शेजारीच उभी होती, माझी पर्स आणि झेंडूच्या हाराची पिशवी सांभाळत. दोघांना गोकर्ण, हंपी करायचंय, पुढच्या वर्षी कन्याकुमारी. म्हणून त्याला 'टूरिंगला चालेल अशी स्पोर्ट्‌स बाइक' हवी होती.

"मग तिला बसून बघू दे की," मी म्हटलं.

विक्रेता पोरगा हसला. "मॅडम, हिची मागची सीट नावालाच असते."

गेली पंचवीस वर्षं मी त्या नावालाच असलेल्या जागेवर बसून हिंडते आहे. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालते.

आम्ही कराडचे. हे साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की पाडव्यापर्यंत ह्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे आमचं फिरणं मे महिन्यात, नाहीतर गणपती उठल्यावर. प्रत्येक प्रवासाची मी वही ठेवते. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, कुठे थांबलो, आणि शेवटचा रकाना 'का थांबलो'. हे त्या वहीला हसतात. पण गाडी निवडण्याबद्दल मला जे काही कळलं, ते त्या शेवटच्या रकान्याने शिकवलं.

२००४च्या पाडव्याला आम्ही हिरो होंडाची करिझ्मा घेतली. आदल्याच वर्षी ती बाजारात आली होती. २२३ सीसी, पुढे अर्धं फेअरिंग, १५ लिटरची टाकी. गल्लीतली पोरं बघायला यायची. मी तिच्यावर पहिल्यांदा जीन्स घालून, दोन्हीकडे पाय टाकून बसले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "निदान बाजारपेठेतून जाऊ नका." आम्ही बाजारपेठेतूनच गेलो. दहा वर्षं त्या गाडीने आम्हाला गोव्याला नेलं, विजापूर दाखवलं, कोकणात तर किती वेळा उतरवलं त्याची मोजदाद नाही. वहीच्या शेवटच्या रकान्यात त्या दहा वर्षांत काय आहे? चहा. पाऊस. पेट्रोल. घाटातली माकडं. एकदा पंक्चर.

करिझ्मा विकली गेली स्पोर्ट्‌स बाइक म्हणूनच. पण तिचं हँडल बऱ्यापैकी उंच होतं, सीट सलग आणि रुंद होती, मागे धरायला भक्कम दांडा होता. यातलं काहीही बघून ह्यांनी ती घेतली नव्हती. ह्यांनी ती रूपावर भाळून घेतली. सीट चांगली निघाली हे आमचं नशीब.

२०१५ला पुन्हा नशिबावर हवाला ठेवला आणि फसलो. गाडीचं नाव सांगत नाही; तिच्यासारख्या अनेक आहेत. हँडल खाली, पुढच्या टाकीला कवटाळून बसायचं, आणि मागची सीट एक वीत उंचावर, पोळपाटाएवढी. धरायला दांडा नाही, सीटखाली बोटं घालायची खाच. गांधी जयंतीला जोडून सुट्टी आली होती, तिच्यावरून हंपीला निघालो. कराडपासून चारशेच्या वर किलोमीटर. निपाणीला मी दुसऱ्यांदा उतरले. तवंदीचा घाट चढून गेल्यावर पुन्हा. बेळगावात उतरले तेव्हा गुडघे सरळ होईनात. ह्यांची तऱ्हा वेगळी नव्हती. दोन्ही मनगटांत कळा, आणि चहाचा पेला उचलताना बोटांना मुंग्या. एका दिवसात पोचायचं ते हुबळीला मुक्काम करावा लागला. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ मी पायरीवर बसून लांबून पाहिला. परतताना हुबळीपासून मी बसने आले आणि हे एकटे गाडीवर. नवी गाडी घेऊन जोडीने फिरायला गेलेली माणसं एकेकटी घरी आली!

त्या रात्री वहीत मी एक साधं गणित मांडलं. गाडीची टाकी भरली की तीनशे किलोमीटर जाते. माझी टाकी पंचावन्न किलोमीटरला रिकामी होते. मग प्रवासाचा पल्ला कोणती टाकी ठरवणार?

त्याच रागात मी एक गोष्ट ठरवली आणि पुढच्या मे महिन्यात ती केली. २००९ला मी कारखान्याच्या कॉलनीत करिझ्मावरच गाडी शिकले होते, लायसन्स होतंच. आंबोलीला जाताना आजऱ्याला मिसळ खाल्ली आणि ह्यांना म्हटलं, "अहो, आता मी चालवते. तुम्ही मागे बसा." ह्यांना गंमत वाटली. आजरा सोडलं, हिरव्यागार रस्त्याला लागलो. पहिली पाच मिनिटं ह्यांनी गिअर कधी टाकायचा ते सांगितलं. मग गप्प झाले. मी ब्रेक मारला की ह्यांचं सगळं वजन माझ्या पाठीवर आणि माझ्या पाठीवरून माझ्या मनगटांवर. खड्डा आला की मागून नुसता हुंकार. गवस्याच्या साखर कारखान्याशी आल्यावर खांद्यावर थाप पडली. "थांब जरा." आणि खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, तो माणूस कारखान्याच्या धुराड्याकडे बघत म्हणाला, "ही गाडी विकू."

वर्षभर मी जे सांगत होते ते वीस-पंचवीस मिनिटांत पटलं. नवऱ्याशी वाद घालण्यात माझा वेळ गेला. तेवढ्यात ह्यांना एकदा डबलसीट घेतलं असतं तर काम झालं असतं.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. लांबच्या प्रवासासाठी स्पोर्ट्‌स बाइक घ्यायची तर आधी चालवणाऱ्याने मागे बसून बघावं, आणि शेवटचा होकार मागे बसणारीचा असावा.

यात भावनेपेक्षा यंत्रशास्त्र जास्त आहे. रेसच्या गाडीवर माणूस पुढे झुकवतात तो वाऱ्याला कापण्यासाठी. वेग चांगला वाढला की समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि हातांवरचा भार हलका होतो. ती बैठक वाऱ्याच्या भरवशावर बेतलेली असते. साठ-सत्तरने जाताना हा टेकू मिळत नाही. मग धडाचा भार उरतो तो मनगटांवर. त्यात मागचं माणूस उंचावर. उतारावर ब्रेक लागला की तेही पुढे घसरतं. म्हणजे मागच्या सीटचा दोष पुढच्या माणसाच्या हातात उतरतो. ह्यांच्या बोटांना आलेल्या मुंग्यांत माझाही वाटा होता.

आता तो वेग आपल्याला मिळणार कुठे, तेही बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तिथेही बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू यांवरही दुचाकी चालत नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीला कमाल मर्यादा ताशी ८०. राहिले ते जुने घाट, राज्यमार्ग, उसाच्या ट्रॉल्या आणि रंग उडालेले गतिरोधक. या रस्त्यांवर गाडी १७० ने पळते की १५० ने, हा प्रश्न टपरीवर गप्पा मारायला बरा. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन ती धापा टाकते का, हा प्रश्न खरा.

मग कुणी विचारेल, बाई, स्पोर्ट्‌स बाइक कशाला? बुलेट घ्या, नाहीतर त्या उंच ॲडव्हेंचर गाड्या. हे मी स्वतःलाही विचारलं आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. ॲडव्हेंचर गाड्यांपैकी बहुतेकींवर मी चढते, पण पाय जमिनीला पोचत नाहीत. बुलेटबद्दल मला आदर आहे, पण वळणावळणाच्या घाटात फेअरिंगवाली हलकी गाडी ज्या विश्वासाने आत झुकते आणि सरळ होते, ते सुख वेगळं. पुढच्या काचेमुळे दिवसभराचा वारा छातीवर येत नाही, संध्याकाळी थकवा निम्मा असतो. ब्रेक चांगले असतात. बऱ्याचशा जुन्या वळणाच्या गाड्यांना तारांची चाकं आणि ट्यूब असते. स्पोर्ट्‌स बाइकला मॅग व्हील आणि ट्यूबलेस टायर. पंक्चर झालं तर चाक न काढता दहा मिनिटांत दोरी भरून पुढे निघता येतं. तेव्हा मुलाची निवड मूर्खपणाची होती असं माझं म्हणणं नाही. स्पोर्ट्‌स बाइक जरूर घ्यावी, पण फिरायला बनलेली कोणती आणि पोस्टरसाठी बनलेली कोणती, हे ओळखून घ्यावी.

ते कसं ओळखायचं? मी पहिल्यांदा गाडीच्या बाजूला उभी राहते आणि हँडलच्या मुठी कुठे आहेत ते बघते. पुढच्या शॉकअपच्या वरच्या पट्टीच्या वर असतील तर बरं, खाली असतील तर मनगटाची फी वेगळी भरावी लागणार. मग दोन्ही सीटमधली पायरी. सीट दोन तुकड्यांची असण्यात गैर काही नाही. २०१८ला आम्ही जुनी होंडा सीबीआर २५० आर घेतली, तिचीही दोन तुकड्यांचीच आहे. पण पायरी बेताची आणि बाजूला धरायला दांडे आहेत, त्यामुळे तिच्यावर मी दीड-दोन तास निवांत बसते. ही गाडी २०२०ला बंद झाली, सध्याच्या मालकांची ती विकायची इच्छा नाही! तिसरं, मागचे फूटरेस्ट. गुडघा छातीकडे येत असेल तर पन्नास किलोमीटरच्या पुढची स्वप्नं बघू नयेत. चौथं, सायलेन्सर वर उचललेला असेल तर बॅग लटकवणार कुठे? आमच्या ओळखीतल्या एकाची बॅग धूर काढायला लागली तेव्हा आत त्याच्या सासूने दिलेल्या दशम्या होत्या. गरम झाल्या म्हणून खाल्ल्या, ते सोडा.

टाकीचं गणित यानंतर. ११ लिटरची टाकी आणि ओझ्यासकट लिटरला ३० धरलं तर ३३०. शेवटचे दोन लिटर मोजायचे नाहीत, म्हणजे २७०. एवढं आपल्याकडे पुरतं. केटीएमची आरसी ३९० २०१४ला आली तेव्हा टाकी १० लिटरच्या आसपास होती. २०२२च्या गाडीत ती १३.७ लिटर झाली. रेसच्या बाण्याची गाडीसुद्धा आठ वर्षांत फिरणाऱ्यांच्या बाजूला सरकली. कावासाकी निन्जा ३०० ची टाकी १७ लिटरची आणि इंजिन दोन सिलिंडरचं. एका सिलिंडरच्या गाडीवर वेग वाढला की फूटरेस्टमधून तळव्यांत जी थरथर चढते ती दोन सिलिंडरला कमी असते. चालवणाऱ्याला ती इंजिनाची मजा वाटते, मागचीच्या पायाला बधिरपणा येतो. सुझुकीची जिक्सर एसएफ २५० किंवा टीव्हीएसची अपाची आरआर ३१० या एका सिलिंडरच्याच, पण वजनाला आटोपशीर. पार्किंगमधून मागे ढकलताना वजन कळतं, कॅटलॉगमध्ये कळत नाही.

पैशाचंही एक वळण आहे. २०२५च्या सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणजे ३१२ सीसीची अपाची स्वस्ताईच्या बाजूला आणि ३७३ सीसीची आरसी पलीकडे. मुलगा या रेषेवर बराच वेळ हिशेब करत होता. मी म्हटलं, रेषेच्या अलीकडची घे आणि वाचलेल्या पैशात तिला चांगलं हेल्मेट, जॅकेट आणि हातमोजे घे. शहरांत मी रोज बघते, पुढच्याच्या डोक्यावर सात हजारांचं हेल्मेट आणि मागचीच्या डोक्याला ओढणी. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सांगितलं आहे. रस्ताही पुढचा-मागचा बघून लागत नाही.

कायद्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम म्हणतो की प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी हवी. तीच आपली साडी गार्ड. म्हणजे साडी नेसून मागे बसलेली बाई दिल्लीत नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होती. गाडीचं चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती का नसते? जाहिरातीतल्या स्पोर्ट्‌स बाइकवर मी मागे बसलेलं माणूस क्वचितच पाहिलं. गाडीची परीक्षणं लिहिणारे ट्रॅकवर गुडघा टेकवून येतात आणि मागच्या सीटला एक ओळ देतात. केटीएम चाकणला बनते, एप्रिलियाची ४५७ सीसीची आरएस बारामतीला. जगातल्या नावाजलेल्या स्पोर्ट्‌स बाइक आपल्या ऊसपट्ट्याच्या शेजारी तयार होतात. त्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं तरी आपल्याकडे मोटारसायकलवर माणसं कशी बसतात, ते दिसेल. दोघं, बहुतेक वेळा मांडीवर पिशवीसुद्धा.

माझी मागणी फार मोठी नाही. शोरूमवाल्यांनी टेस्ट राइड पुढच्या सिग्नलपर्यंत देऊ नये. दोघांना बसवून तासभर द्यावी. पेट्रोल आम्ही भरू. आणि घेणाऱ्यांनी तेवढी मागायची लाज बाळगू नये. साडी घेताना आपण दहा दुकानांत पदर खांद्यावर टाकून बघतो. अडीच-तीन लाखांची गाडी उभ्या उभ्या का घेतो?

दसऱ्याच्या दिवशी आम्ही हेच मागितलं. आधी 'अशी पद्धत नाही' झालं. मग ह्यांनी साखर कारखान्यातल्या पद्धतीने, आवाज न चढवता, खुर्ची ओढून बसून घेतलं. शेवटी गाडी मिळाली. मुलगा पुढे, ती मागे, कात्रजच्या जुन्या घाटाकडे. पाऊण तासाने परत आले. तो खूश. ती हेल्मेट काढत काही बोलली नाही.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"तू बसून बघ की मागे," ती म्हणाली. "मी चालवते. बाबांच्या स्प्लेंडरवर शिकलेय मी, माहितीये ना तुला?"

विक्रेत्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूच्या पिशवीकडे पाहिलं. हे मी तिला शिकवलेलं नाही, आजऱ्याची गोष्ट तर तिला ठाऊकही नव्हती.

ती दोघं पुन्हा गेली आणि अर्ध्या तासाच्या आतच आली. उतरताना आमच्या चिरंजीवांचा हात कमरेवर होता, अगदी वडिलांसारखा. बुकिंगचा फॉर्म टेबलावर तसाच राहिला. आता दर रविवारी ती दोघं एकेका शोरूममध्ये जाऊन आळीपाळीने मागे बसताहेत. तिने त्यासाठी वही घातली आहे.

मुहूर्त हुकला म्हणून ह्यांना जरा चुटपुट लागली. हार आणलेलाच होता. कराडला पोचल्यावर तो आमच्या जुन्या सीबीआरला घातला.